‘अपिलाच्या नादी लागू नका’ हा सल्ला माणसांना बुडवतोय

मारहाणीच्या केसमध्ये शिक्षा लागली की घरच्यांच्या मोबाइलवर हमखास येणारा एक मेसेज सध्या दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत फिरतोय. ‘अपिलाच्या नादी लागू नका. निकाल लागेपर्यंत आत बसावं लागतं, वरचं कोर्ट शिक्षा वाढवतं, आणि गावात मिटवलं की केस आपोआप संपते.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या खऱ्या मानून लोक अपिलाची मुदत घालवतात, याची मला चीड येते.

आपल्याकडच्या मारामाऱ्या बहुतेक गडग्यावरून (दगडी कुंपणावरून), पायवाटेवरून, आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून. त्यातले बरेचसे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि त्यांना एका गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. आरोपी जामिनावर असेल, तर ‘अपील करायचंय’ असा अर्ज निकालाच्या दिवशी त्याच कोर्टात द्यायचा. खास कारण नसेल तर कोर्टाने जामीन द्यायचाच, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याचं) कलम 430 सांगतं. पुढे सेशन्स कोर्टाला अपील संपेपर्यंत शिक्षा स्थगित करता येते. वकिलाला हा अर्ज आदल्या दिवशीच तयार ठेवायला सांगा.

शिक्षा वाढण्याची भीती तर साफ निराधार. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवून हवी असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, आणि ते तुम्ही घरी बसलात तरी होऊ शकतं.

उलट कमी होण्याची वाट कुठे असते ते बघा. समजा, फिर्यादीत ‘कोयत्याने वार केला’ असं आहे आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यात ‘खरचटणे, बोथट वस्तूने’. साक्षीदार सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलापुढे, म्हणतो पडवीतला बल्ब चालू होता, उलटतपासात म्हणतो वीज गेली होती. सेशन्स जज हा सगळा पुरावा नव्याने तपासतात. हत्याराने दुखापत सिद्ध झाली तर भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम 118(1) खाली तीन वर्षांपर्यंत कैद. साधी दुखापत ठरली तर 115(2) खाली जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा नुसता दंडही. दाखल्यावरच्या त्या दोन शब्दांवर एवढं अवलंबून असतं! मात्र नवा साक्षीदार अपिलात सहसा आणता येत नाही. आणि ‘कबूल कर, दंड भर, मग वर बघू’ असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. कबुलीनंतर अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की बेकायदा, एवढ्यापुरतं उरतं.

आता गावात मिटवण्याचं. गावकीत समेट झाला, स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, तरी दोषसिद्धी, म्हणजे कोर्टाने दोषी ठरवलेलं, पुसली जात नाही. शिक्षा लागल्यावर तडजोड करायची तर अपील कोर्टाची परवानगी लागते, म्हणजे ज्याला मिटवायचंय त्यालाही आधी अपील दाखल करावंच लागतं. साध्या दुखापतीत अशी तडजोड मंजूर झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखा धरला जातो. धोकादायक हत्याराचं 118(1) मात्र तडजोडीत बसत नाही.

बोटीवर किंवा आखातात नोकरी असलेल्या मुलांनी हेही समजून घ्यावं: शिक्षा स्थगित झाली म्हणजे दोष स्थगित झाला असं नाही. दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती क्वचितच मिळते.

दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सेशन्स कोर्टात अपिलाची मुदत 30 दिवस. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत तिथल्या तिथे फुकट मिळायला हवी, ती मागून घ्या. सर्टिफाईड कॉपीसाठी अर्ज केला तर ती तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, म्हणून नकलेवरच्या तारखांचा शिक्का नीट बघा. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफी मागता येते.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेला कुणीही मोफत वकिलाला पात्र असतो. तुरुंगात असलेल्याला अपिलाचा अर्ज जेलच्या अधिकाऱ्याकडेही देता येतो. तो कोर्टात पोचवणं त्या अधिकाऱ्याचं काम आहे.