द्युती चंदबद्दल, आणि परवा ग्राउंडवर कानावर पडलेल्या एका वाक्याबद्दल

परवा लेकीच्या जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेला गेले होते. १४ वर्षांखालील मुली, १०० मीटर. हीट संपली, पहिली आलेली पोरगी गुडघ्यांवर हात टेकून दम खात उभी होती, बारीक कापलेले केस, खांदे जरा रुंद. माझ्या शेजारी बसलेले एक पालक मोठ्याने म्हणाले, "ही मुलगीच आहे ना नक्की? आधार कार्ड बघा हिचं." दोन-चार जण हसले. तिला ऐकू गेलं. मान खाली घालून बॅग उचलली आणि गेली स्टँडमागे. मी त्यांना बोलायचं ते बोलले, भांडणच झालं म्हणा, पण तेव्हापासून डोक्यात सारखी आपली धावपटू द्युती चंद येतेय.

मी तिला धावताना बघितलंय. जुलै २०१३, बालेवाडी, एशियन चॅम्पियनशिप. ती स्पर्धा खरंतर चेन्नईला व्हायची होती, नंतर पुण्याला आली म्हणून आम्हाला बघायला मिळाली. २०० मीटरच्या फायनलला ही छोटीशी १७ वर्षांची मुलगी कर्व्ह संपवून स्ट्रेटला आली आणि अशी काही सुटली की आम्ही सगळे उभेच राहिलो. २३.८१ सेकंद, ब्राँझ. मग घरी येऊन तिच्याबद्दल वाचलं. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातलं चाका गोपालपूर, आईवडील विणकर, सात भावंडं. मोठी बहीण सरस्वती आधी धावायला लागली आणि तिच्या मागे मागे ही, ब्राह्मणी नदीच्या काठाने, अनवाणी.

पुढच्याच वर्षी तैपेईला एशियन ज्युनियरमध्ये दोन गोल्ड आणली, २०० मीटर आणि रिले. आणि महिन्याभरात ग्लासगो कॉमनवेल्थच्या टीममधून नाव कापलं. कारण काय, तर शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांमध्ये जास्त असणारं हार्मोन, जास्त आहे. तिने काही घेतलेलं नव्हतं हो, तिच्या अंगात जन्मापासून जे तयार होतं तेच. तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम असा की पातळी ठरावीक आकड्याच्या वर गेली तर हार्मोन कमी करायची औषधं घ्या नाहीतर ऑपरेशन करा, मगच बायकांच्यात पळा. ती १८ वर्षांची होती. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे तेच, आणि गावात आईवडिलांना लोक काय काय विचारत असतील ते आपल्याला सांगायला नको, आपण त्याच समाजात राहतो.

इथे मला शांती सौंदरराजन आठवते. तमिळनाडूची, वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातली. २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये ८०० मीटरचं सिल्व्हर जिंकली, लिंगचाचणीनंतर ते पदक काढून घेतलं आणि तिचं करिअर तिथेच संपलं. कोणी तिच्या बाजूने उभं राहिलं नाही. द्युतीच्या वेळेला राहिलं. पायोष्णी मित्रा या अभ्यासक तिच्यासोबत होत्या, साईने (भारतीय क्रीडा प्राधिकरणाने) साथ दिली, कॅनडाच्या वकिलांनी फुकट केस लढवली. पण औषध घेणार नाही, ऑपरेशन करणार नाही, मी आहे अशीच पळणार हे म्हणायला तर तीच लागली ना.

जुलै २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला, जगातल्या सगळ्या बायांसाठी. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो ते दोन वर्षांत सिद्ध करून दाखवा म्हणाले. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या रिओ ऑलिंपिकला औषधाशिवाय पळाली ती याच निकालामुळे. माझ्या मते द्युतीचं सगळ्यात मोठं पदक हेच, आणि ते तिच्या वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

नंतरचं तुम्हाला माहीत असेल. द्युतीही रिओला गेली, पी. टी. उषानंतर ३६ वर्षांनी ऑलिंपिकच्या १०० मीटरला उभी राहिलेली भारतीय बाई. जकार्ता एशियन गेम्स २०१८ ला दोन सिल्व्हर, १०० मीटरचं गोल्ड तर दोन शतांश सेकंदाने हुकलं, ११.३० आणि ११.३२. २०१९ मध्ये आपलं एका मुलीवर प्रेम आहे हे उघड सांगितलं, घरातूनच विरोध झाला तरी. २०२१ ला पतियाळात ११.१७, नॅशनल रेकॉर्ड.

आणि मग डोपिंग. डिसेंबर २०२२ च्या सॅम्पलमध्ये सार्म्स, म्हणजे स्नायू वाढवणारी बंदी असलेली औषधं, सापडले, चार वर्षांची बंदी. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, तो लपवणार नाही. बाहेरून शरीरात काही घातलं तर शिक्षा झालीच पाहिजे, माझ्या लेकीलाही मी हेच सांगेन. पण तेव्हा किती जणांनी लिहिलं, बघा आम्ही आधीच म्हणत होतो! काय म्हणत होता? २०१४ मध्ये तिच्यावर जो संशय घेतला त्याचा या गोळ्यांशी काय संबंध? एक तिचं जन्मजात शरीर, दुसरी तिची चूक. या दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबणं मला अजिबात पटत नाही.

नियम तर परत आलेच, २०१८ ला काही शर्यतींपुरते, २०२३ ला सगळ्याच, आणि सप्टेंबर २०२५ पासून जागतिक पातळीवर बायकांच्या गटात पळायचं तर आयुष्यात एकदा जनुकीय चाचणी, गालातून स्वॅब किंवा रक्त. बरोबरीची स्पर्धा हवी हा मुद्दा मला कळतो, मीही पळणाऱ्या मुलीची आई आहे, शर्यत हरल्यावर तिचं रडणं मी रात्री ऐकलंय. पण तिथे बंद खोलीत डॉक्टर चाचणी करतात आणि इथे तालुक्याच्या ग्राउंडवर कोणीही उठतो, पोरीचे केस आणि छाती बघून निकाल देतो. तेरा वर्षांची पोर ती. उद्या तिने स्पाइक्स माळ्यावर टाकले तर कोणत्या लवादाकडे जायचं तिने?

दुपारी फायनलला ती आली, मी तिचीच वाट बघत होते. पहिली आली, माझी लेक चौथी. पुढच्या महिन्यात विभागीय आहे, लेक नसली तरी मी जाणार आहे, आणि ते पालक दिसले तर त्यांच्याच शेजारी बसणार आहे.