पालथा घातलेला फोटो

गोव्यातल्या फोंड्याच्या कट्ट्यावर विषय निघाला ओलीसपटांचा, म्हणजे माणसं ओलीस धरण्याच्या सिनेमांचा. बाहेर पाऊस, हातात चहा, मध्ये मिरची-भजी आणि पाव. घरी जायची घाई कुणालाच नव्हती.

"शेवटची वीस मिनिटं धडाधड गोळीबार नसेल तर मी तिकिटाचे पैसे परत मागेन," वकिलांनी ठिणगी टाकली.

"गोळीबार म्हणजे जत्रेतली आतषबाजी," मास्तर म्हणाले. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याच्या आसपासच्या जत्रांची नाटकं बसवणारे हे मास्तर. "तिच्यासाठी पहाटेपर्यंत कोण जागत नाही. रंगमंचावर कुणाला काय ठाऊक आहे आणि कुणाला नाही, हा हिशेब पक्का असला की लाकडी बंदूकही भागवते."

सिनेमाच्या एडिटरनं तोच धागा उचलला. "1988 चा 'डाय हार्ड' घ्या. बाई नवऱ्यावर वैतागून घरचा फोटो पालथा घालते. ऑफिसात ती माहेरचं आडनाव लावते. म्हणून इमारत बळकावणाऱ्या हान्सला पत्ताच नाही, की वर मोकळा फिरणारा पोलीस हिचा नवरा आहे. आपल्याला मात्र ठाऊक. पुढे टीव्हीवाला तिच्या मुलांना कॅमेऱ्यासमोर आणतो, हान्स बाईचा चेहरा बघतो आणि फोटो सरळ करतो. एक गोळी सुटत नाही, पण घशाला कोरड पडते."

"आणि काचांवरून अनवाणी पळतो ते? तिथं तर गोळ्याच आहेत!"

"आहेत, पण कुणावर? त्याचे पाय उघडे आहेत हे हान्सनं समोरासमोर बघितलेलं असतं, म्हणून तो काचा फोडायला सांगतो. बूट खूप आधीच सुटलेत. मारलेल्या गुंडाचे घालून बघतो, तेही लहान पडतात. एवढी पेरणी झाल्यावर मग काच. पेरणी गाळली तर नुसता खळखळाट."

वकील हार मानणाऱ्यांतले नव्हेत. "मग 1994 चा 'स्पीड'? तिथं वेगच सगळं काही."

"ताशी 50 मैल, म्हणजे 80 किलोमीटर. वेग त्याखाली आला की बसमधला बॉम्ब फुटणार. पण डाव पालटतो कुठं? खलनायक फोनवर बोलता बोलता बस चालवणाऱ्या मुलीच्या स्वेटरवरच्या चिन्हाचा उल्लेख करून बसतो. हिरोला कळतं, बसमध्ये छुपा कॅमेरा आहे. मग त्याच कॅमेऱ्याचं चित्र पुन्हापुन्हा फिरवून त्यालाच फसवायचं. तेही फार वेळ टिकत नाही, कारण तेच ते दिसतंय हे त्याच्या लक्षात येतं."

"ही पडद्यावरची हुशारी," वकील म्हणाले. "5 सप्टेंबर 1986, कराचीचा विमानतळ, पॅन ॲमच्या विमानाचं अपहरण. तिथं कुणाची माहिती कामाला आली?"

क्षणभर कुणी बोललं नाही. मग मास्तर सावकाश म्हणाले, "आली की. वैमानिक कॉकपिटमधून निसटले, म्हणून विमान जागचं हललं नाही. हवाई सुंदऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट लपवले, म्हणून अमेरिकन कोण ते अपहरणकर्त्यांना सापडेना. रात्री विमानाला वीज पुरवणारं सहायक यंत्र बंद पडलं, अंधार झाला आणि त्यांनी गोळीबार सुरू केला."

"पडद्यावर ते करायचं तर दिवे विझण्याआधी बराच वेळ ते मिणमिणताना दिसायला हवेत," एडिटर म्हणाला. "नाहीतर तो अंधार लेखकानं आणला असं वाटतं. 'डाय हार्ड'मध्ये वीज तुटते तीही आधी पेरलेली. तिजोरीचं शेवटचं कुलूप विद्युतचुंबकाचं. एफबीआय, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा, नियमाप्रमाणे वीज तोडणार आणि ते उघडणार, याचीच चोर वाट बघत असतात."

"आणि जागा कळली पाहिजे," मास्तर म्हणाले. "ओलीस कुठं, जिना कुठं."

"तिथंच बहुतेकांचं फसतं. ओलीस उजवीकडे बघताहेत तर बंदूकवाल्यानं डावीकडे बघायचं. कॅमेरा दोघांमधली रेषा ओलांडून गेला की दोघं एकाच बाजूला बघताहेत असं दिसतं. वर दर सेकंदाला कट, म्हणजे कोण कुणावर झाडतोय याचा पत्ता नाही. ओलीसही तीस असले तरी चेहरे चारच लक्षात राहतात. त्यातला एक आगाऊ हवा, आपण सौदा करू म्हणणारा."

वकिलांनी शेवटचं अस्त्र काढलं. "हान्स वरून पडतो तेव्हा शिट्टी मी मारणारच!"

"मारा. पण तो लोंबकळतो बाईच्या मनगटातल्या घड्याळाला धरून. पट्टा सोडवला की पडतो. ते घड्याळ सुरुवातीलाच दाखवलंय."

वकिलांनी उरलेली भजी मुकाट्यानं मास्तरांपुढे सरकवली.