बोर्डाचा शेरा म्हणजे शेवट नाही

एका लेखात म्हटलंय की रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, 'आजार नोकरीमुळे नाही' लिहिलं की डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे नोकरीमुळे आलेल्या आजार-अपंगत्वाच्या पेन्शनचा, विषय संपला. असं वाचून कुणी माजी सैनिक गप्प बसू नये म्हणून लिहितोय. अहो 2013 ला धर्मवीर सिंग या जवानाच्या केसमध्ये, त्यांना फिट्सचा आजार होता, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, मग आजार नोकरीमुळे नाही हे सरकारने दाखवायचं, जवानाने नाही, आणि बोर्डाला कारण द्यावंच लागतं. म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसकडून (जवानांची सेवेची कागदपत्रं ठेवणारं सैन्याचं कार्यालय) बोर्डाचे सगळे कागद मागवा आणि कारणाचा रकाना नीट वाचा. आमच्या काकांच्या कागदावर वर फील्ड पोस्टिंगची, म्हणजे खडतर भागातल्या नेमणुकांची, यादी आणि खाली बीपीसाठी एका ओळीत नकार, एवढा संताप आला ना. नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, तरी नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैनिकांच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण, त्याचं मुंबईतही बेंच आहे. फक्त 21 सप्टेंबर 2023 नंतर रिटायर झालेल्यांना नवे नियम आहेत, त्यांनी जुन्या निकालावर विसंबू नका, ही कामं करणाऱ्या वकिलाला आधी कागद दाखवा.