पाठ करा तिच्याकडं

आंब्याची पेटी आणायला बुलेट नेऊ नये, हे आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना कळत होतं. बायको म्हणाली, "अहो, रिक्षानं जा." मुलगी म्हणाली, "बाबा, घरपोच मागव ना." पण एक्कावन्नाव्या वर्षी ज्यानं प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून बुलेट घेतलीय, त्याला ती कुठेतरी न्यावीच लागते. घेताना लडाखचं नाव सांगितलं होतं. दीड वर्षात पनवेलपर्यंत पोचलो होतो, तेही साडूच्या वास्तुशांतीला.

तर मे महिन्यातला शनिवार, सकाळी सहाची वेळ. ऐरोलीहून निघालो. ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा, इंजिनाची धडधड छातीत उतरतेय, रबाळे-घणसोली-कोपरखैरणे कधी मागे पडलं कळलं नाही. तुर्भ्याच्या फळबाजारात शिरलो तेव्हा मी अजूनही लडाखमध्येच होतो. पाच डझन देवगड हापूस घेतला. व्यापाऱ्यानं पेटीचा पेंढा बाजूला करून एक आंबा हातावर ठेवला. दगडासारखा कच्चा. "आठ दिवस अढीत घाला, मग बघा." पेटी मागच्या सीटवर सुतळीनं आवळली आणि बाहेर पडायला उजवीकडे वळलो.

समोरून कलिंगडांची हातगाडी आली. मी पुढचा ब्रेक दाबला.

माणूस चालतो त्या वेगात, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक आवळला, की गाडी हँडल असेल त्या अंगाला झोपते. हे ज्ञान मला आज आहे. त्या दिवशी मी फक्त उजवा पाय टेकवायला खाली सोडला. बाजारात जमीन नसतेच, पेंढा असतो. पाय सरकला. पडत्या बुलेटला एक मजेशीर टप्पा असतो. थोडी कलते तोवर आपण तिला धरलेलं असतं, त्यापुढे तिनं आपल्याला धरलेलं असतं. मी हँडल सोडायला तयार नव्हतो, त्यामुळे आम्ही दोघं अगदी सावकाश, एकमेकांचा मान राखत खाली गेलो.

लेगगार्डनं पाय वाचवला. सुतळीनं मात्र दगा दिला. पेटीची एक फळी निघाली आणि आंबे चहूकडे घरंगळत गेले. कच्चे होते म्हणून फुटले नाहीत, पण कच्चा आंबा पिकलेल्यापेक्षा फार लांब पळतो.

कंपनी वजन १९५ किलो सांगते, पेट्रोलसकट. हा आकडा मी शोरूममध्ये अभिमानानं वाचला होता. आडवी झाल्यावर त्याचा हिशोब वेगळा लागतो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण साडेएकोणतीस किलोचा. म्हणजे साडेसहा सिलिंडर एकत्र बांधून कुणीतरी कुशीवर निजवलेत. आणि आमच्याकडे एक सिलिंडर गॅलरीतून ओट्याखाली न्यायचा तरी बायको नेते.

इंजिन आपोआप बंद पडलं होतं. तरी मी घाबरलो, कारण टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं आणि बघायला आलेल्या पहिल्या माणसाच्या तोंडात बिडी होती. "अहो, बिडी टाका!" मी ओरडलो. त्यानं शांतपणे दोन पावलं मागे जाऊन आणखी एक झुरका घेतला.

मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, आधी फोटो काढा, इन्शुरन्सला लागतो. दुसऱ्यानं विचारलं, ॲव्हरेज किती देते? तिसऱ्यानं, "काका, लागलं का?" असं विचारलं. त्यातला फक्त 'काका' लागला.

त्या 'काका'च्या भरात मी वाकलो, दोन्ही हातांनी हँडल पकडलं आणि उपसलं. गाडी वीतभर उठली. पुढचं चाक फिरलं, गाडी पेंढ्यावरून हातभर पुढे सरकली आणि परत निजली. त्याच वेळी माझ्या कमरेत सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला.

"सायेब, थांबा! गाडी हुबी ऱ्हाईल, तुमीच आडवं व्हाल."

एक माथाडी कामगार आला. साठीच्या आसपासचा, डोक्यावर चुंबळ, काटक, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, मग परत गाडीकडे. दोन्ही वजनांचा अंदाज त्याला एका नजरेत आला असावा.

"पन्नास किलोच्या वर गोणी नको म्हणून आमी भांडतो. आन् तुमी दोनशे किलो हौसेनं घिऊन फिरता व्हय?"

मला वाटलं आता चार जणांना हाक मारेल. नाही मारली. म्हणाला, "आज मी उचलीन. उद्या कोन उचलणार? शिका."

मग भर बाजारात माझी शिकवणी झाली. गाडी उजव्या अंगावर पडली होती, म्हणजे साइड स्टँड वर आकाशाकडे. "आधी घोडी काढा. गाडी तिकडं कलंडली की घोडीवर जाईल. न्हाईतर ह्या अंगानं उचलाल आन् त्या अंगानं पाडाल." काढली. "गियरात हाय का?" पहिल्या गियरमध्येच पडली होती. "ऱ्हाऊ द्या तशीच, चाक फिरायचं न्हाई." मग त्यानं हँडल जमिनीकडे पूर्ण वळवून घेतलं. खालची मूठ टाकीला जवळजवळ चिकटली.

"आता पाठ करा तिच्याकडं."

"पाठ?"

"पाठ. तोंड करून उचलाल तर कंबर जाती."

आईनं, मास्तरांनी आणि तीन मॅनेजरांनी मला आजवर एकच गोष्ट सांगितली होती, संकटाकडे पाठ फिरवू नकोस. मी पाठ फिरवली. सीटच्या कडेला बूड टेकवलं, गुडघे मोडून खाली बसलो. ही बैठक नेमकी कशासारखी दिसते हे गर्दीला सांगावं लागलं नाही. मागे कुणीतरी फस्सकन हसलंच. डाव्या हातात खालची मूठ, उजव्या हातात मागच्या सीटची दांडी.

"पाठ ताठ. हातानं वडू नका, हातानं नुसतं धरायचं. जोर मांडीतनं. आन् बारकी बारकी पावलं मागं टाकत जायचं. समोर बघा, त्या केळीवाल्याकडं."

मी केळीवाल्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेला नजर देत मी मांड्यांनी जमीन रेटली. आधी काहीच झालं नाही. मग बुडाखाली काहीतरी हललं. पाऊल. अर्धं पाऊल. टाच पेंढ्यात घसरली, थांबलो, परत रोवली. मध्ये एक जागा येते, तिथे सगळं वजन मांड्यांवर बसतं आणि माणसाला आपली सगळी पापं आठवतात. ती जागा ओलांडली आणि गाडी एकदम हलकी झाली. इतकी हलकी, की आता पलीकडे पडेल या भीतीनं मी मूठ घट्ट ओढून धरली. खट्! घोडीवर टेकली.

उभी होती. मीही होतो.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. तमाशा संपला तसे लोक पांगले. काहीजण जाता जाता हातातले आंबे पेटीत टाकून गेले. मी ऐटीत बसलो, घोडी वर घेतली, गाडी न्यूट्रलला आणली, बटण दाबलं. गाडी ढिम्म.

"चावी बंद करा. जरा दम खा. मग परत चालू करा. पडल्यावर आतलं काय ते सेन्सर का काय, ते बंद करतंय तिला."

मी पाहतच राहिलो. "तुम्हाला कसं माहीत?"

"पोराकडं हीच हाय. हप्त्यावर घेतलीया. कॉलेजला न्हेतो." त्यानं चुंबळ सारखी केली. "आठवड्याला एकदा तरी पडतीच."

चावी बंद करून चालू केली आणि गाडी लागली. मागून थोडा पांढरा धूर आला, मग साफ झाला. मी खिशातून नोट काढली तर त्यानं मान हलवली. आंबे घ्या म्हटलं तर तोंड वाकडं केलं. "दोन म्हयनं त्योच वास नाकात बसलाय." चहा मात्र घेतला, कटिंग, तोही उभ्या उभ्या. तेवढ्यात लांबून हाक आली, "ए तात्याऽऽ, ट्रक लागला!" आणि तो गेला.

घरी परतताना ताशी तीसच्या वर गेलो नाही. पुढचा ब्रेक जणू नाहीच, असं समजून चालवली. दुपारी कमरेला शेक घेत पडलो होतो. मूठ जराशी वाकडी झाली होती आणि लेगगार्डला ओरखडा गेला होता. बाजारातल्या प्रकाराबद्दल मी घरी काही बोललो नव्हतो. सुतळीचा, फळीचाही विषय काढला नव्हता.

आत बायको पेपर पसरून अढी लावत होती. एकेक आंबा पुसायचा, देठ वर करून ठेवायचा, मोजायचा. मोजणं थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग ती दारात आली. हातात एक आंबा होता. लांबट, चोचीचा, उघड उघड तोतापुरी.

"अहो, पाच डझन म्हणालात ना? मग हा एकसष्टावा कुठून आला?"