लागू दे की हाताची सवय!

"फार उचलू नकोस गं त्याला, हाताची सवय लागेल." बाळ घरी येऊन आठवडा व्हायच्या आत कुणीतरी हे म्हणतंच. म्हणणारे प्रेमानेच म्हणतात, त्याबद्दल वाद नाही. पण ती बिचारी नवी आई, टाके ओले, झोपेचं खोबरं झालेलं, ती बाळाला उचलू की नको या विचारात पाळण्याशी उभी राहते आणि बाळ रडून लालबुंद होतं. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. पोस्ट लांब आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच वाचा: बाळ रडतंय? घ्या उचलून.

निमित्त एका फॉरवर्डचं. तुम्हालाही आला असेल. दोन जुळ्या बहिणी, वेळेआधी जन्मलेल्या. एकीची तब्येत ढासळते, डॉक्टर हात टेकतात (हे फॉरवर्डवाल्यांनी पदरचं घातलंय), मग दुसरी आपला इवलासा हात तिच्या खांद्यावर टाकते आणि चमत्कार! खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग.

घटना खरी आहे. १९९५, अमेरिकेतलं मॅसेच्युसेट्स राज्य. बारा आठवडे आधी जन्मलेल्या जुळ्या मुली, नियमाप्रमाणे दोन वेगवेगळ्या पेट्यांमध्ये (म्हणजे इन्क्युबेटर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या). धाकट्या चणीची एक दिवस निळी पडायला लागली, ऑक्सिजन उतरला. ड्युटीवरच्या नर्सने जे जे करता येईल ते सगळं करून पाहिलं. शेवटी तिला आठवलं की दुसरीकडे कुठेतरी जुळ्यांना एकत्र ठेवतात. त्या हॉस्पिटलात तशी पद्धत नव्हती. तिने आईवडिलांना विचारलं आणि निळी पडलेलीला बहिणीच्या पेटीत नेऊन ठेवलं. थोड्याच वेळात ऑक्सिजन वर आला. खांद्यावर हात टाकलेला तो प्रसिद्ध फोटो नंतरचा.

आता फॉरवर्डमधून कोण गायब झालं बघा. नर्स! चमत्कार म्हटलं की पहिली काट मारली जाते ती खपणाऱ्या माणसावर. (जुळ्यांना एकत्र ठेवण्याचा फायदा पुढच्या अभ्यासांत काही ठामपणे सिद्ध झालेला नाही, हेही सांगून टाकतो. पण त्या दिवशी त्या बाईने रिवाज बाजूला ठेवला, हे तर झालंच.)

अशा गोष्टी मला मनापासून आवडतात. आवडतात म्हणूनच खोलात जाऊन वाचतो, आणि वाचताना दिसतं की जवळपास प्रत्येक गोष्टीत कुणीतरी एक जण असतो ज्याला 'हात लावू नका' सांगितलेलं असतं आणि तो हात लावतो.

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडची गोष्ट घ्या. तिथल्या जत्रेत पाळणे, झुले, चित्रविचित्र खेळ आणि त्यांच्याच रांगेत एक दवाखाना. आत काचेच्या पेट्या, पेट्यांत खरीखुरी अपुऱ्या दिवसांची बाळं. तिकीट २५ सेंट. १९०३ ते १९४३, चाळीस वर्षं हा प्रकार चालला. चालवणारा मार्टिन कूनी. स्वतःला डॉक्टर म्हणवायचा, पण त्याच्या वैद्यकीय पदवीचा पुरावा कुणाला सापडलेला नाही. ऐकायला किळसवाणं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण त्या काळी बहुतेक हॉस्पिटलांकडे अशा बाळांसाठी ना पेट्या होत्या ना इच्छा. 'अशक्त आहे, जगायचं नाही' म्हणून सोडून देत. कूनी बाळाच्या आईवडिलांकडून एक पैसा घेत नसे. सगळा खर्च तिकिटांतून. पेट्या उत्तम, नर्सेस प्रशिक्षित, दूध पाजणाऱ्या दाया ठेवलेल्या, आणि दाई बाहेरच्या स्टॉलवर हॉट डॉग खाताना सापडली तर तिची नोकरी गेली! त्याची एक नर्स प्रेक्षकांसमोर आपल्या बोटातली हिऱ्याची अंगठी काढायची आणि बाळाच्या मनगटात बांगडीसारखी चढवून दाखवायची. जत्रेतला तमाशाच तो. पण या तमाशातून हजारो मुलं वाचली, साडेसहा हजारांचा आकडा सांगतात.

त्यातली एक मुलगी १९२० साली जन्मली. तिची जुळी बहीण जन्मतःच गेली होती, आणि हिचंही काही खरं नाही असं हॉस्पिटलने सांगितलं. बापाने ऐकलं नाही. पोरीला गुंडाळलं, टॅक्सी केली आणि थेट जत्रा गाठली. ती मुलगी ९६ वर्षं जगली. विचार करा, शिकलेसवरलेले लोक 'आशा सोडा' म्हणताहेत आणि हा माणूस पोर छातीशी धरून जत्रेत निघालाय! लोक त्याला काय काय म्हणाले असतील.

मुलांपासून आईबापांना लांब ठेवण्याचं खूळ मोठमोठ्या लोकांतही होतं बरं का. जॉन वॉटसन हे मानसशास्त्रातलं मोठं नाव. १९२८ साली त्यांनी पालकांना छापील सल्ला दिला की मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री कपाळावर एकदा ओठ टेकवा, आणि सकाळी? सकाळी हस्तांदोलन करा. हस्तांदोलन! दोन वर्षांच्या पोराशी! मला तर डोळ्यांसमोर ते पोरगं शाई सांडलेल्या हाताने करारावर सही करताना दिसतं.

हॉस्पिटलांची तऱ्हा तीच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमधल्या एका नामांकित हॉस्पिटलात मूल दाखल झालं की पहिला महिना आईवडिलांना भेट बंद. फक्त संध्याकाळी सात ते आठ या वेळात त्याला झोपलेलं बघता येई. कारण काय, तर आईबाप दिसले की मुलं रडतात आणि वॉर्डची शिस्त बिघडते. आईबाप गेले की दोनतीन दिवसांत मूल 'रुळतं', गप्प होतं. जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने त्या गप्प झालेल्या मुलांकडे नीट पाहिलं. त्याने कॅमेरा आणून चित्रीकरण केलं आणि डॉक्टरांना दाखवलं की हे रुळणं नाही, या मुलाने आशा सोडलीय. डॉक्टर भडकले. पण १९५९ साली ब्रिटनमध्ये सरकारी समितीने शिफारस केली की आईबापांना मुलांकडे येऊ द्या, लहान मुलांच्या आईला तिथे राहू द्या. आज मुलाच्या खाटेशेजारी खुर्चीत अवघडून झोपलेली आई आपल्याला साधी गोष्ट वाटते. तिच्या त्या खुर्चीसाठी कुणीतरी भांडलेलं आहे.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. १९७८, कोलंबियातलं बोगोटा. गरिबांचं प्रचंड गर्दीचं प्रसूतिगृह. पेट्या कमी, एकेका पेटीत दोनदोन, तीनतीन बाळं, त्यामुळे एकाचा संसर्ग दुसऱ्याला. बाळांना हात लावायची आयांना मुभा नाही, आणि कित्येक आया बाळ तिथेच टाकून निघून जात. तिथल्या डॉक्टर एडगर रे यांनी सरळ बाळं उचलली आणि आयांच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मधोमध, उभी बांधली. कांगारूच्या पिशवीसारखी. पेटी नाही तर आई तर आहे!

यात भाबडं काही नाही, शरीराचा रोकडा हिशोब आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली फारशी चरबी नसते, त्याला कुडकुडून ऊब आणता येत नाही. आईची छाती त्याला एकसारखी ऊब देते. दूध नाकाशी. श्वास घ्यायला विसरणाऱ्या बाळाला (हो, ती विसरतात) आईच्या छातीची वरखाली हालचाल आठवण करून देत राहते. तरीही जग कित्येक वर्षं म्हणत राहिलं, 'ठीक आहे, गरिबांचा जुगाड आहे.' बाळ स्थिरस्थावर झालं की मग छातीवर द्या, तोवर पेटीच बरी, असा रिवाज पडला.

मग २०२१ साली एक मोठा अभ्यास आला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया, एक किलो ते साधारण एक किलो ८०० ग्रॅमची ३२११ बाळं. निम्म्यांना जन्मल्याबरोबर छातीवर दिलं, निम्म्यांना स्थिर झाल्यावर. पहिल्या गटात २८ दिवसांत दगावलेली १२ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के. फरक इतका उघड होता की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला, कारण दुसऱ्या गटाला मुद्दाम वाट बघायला लावणं पाप झालं असतं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं की आधी छाती, मग पेटी.

माझा भाचा असाच घाई करून आलेला. 'बाळ काचेत आहे' एवढंच घरी कळलेलं, आणि सगळे फोनपाशी बसलेले. बहिणीला ताप, म्हणून नर्सने भावजींना बोलावलं आणि म्हणाली, "शर्ट काढा." भावजी म्हणजे सहा फुटी माणूस, बॅंकेत हजारो लोकांसमोर न घाबरता बोलणारा. तो आरामखुर्चीत उघडाबंब बसला आणि त्याच्या छातीवर टोपी घातलेला, नळ्या लावलेला, तळहाताएवढ्या पाठीचा जीव ठेवला गेला. मी काचेपलीकडून बघत होतो. भावजींना शिंक येत होती. चेहरा वाकडा, डोळ्यांत पाणी, नाक फुरफुरतंय, पण पठ्ठ्याने शिंक गिळली. परत आली, परत गिळली. एका हाताने पाठ झाकलेली, दुसऱ्याने बूड तोललेलं, नाक दाबायला तिसरा हात कुठून आणणार? शेवटी नर्सच म्हणाली, "अहो शिंका, काही होत नाही त्याला." मग जी शिंक बाहेर पडली! बाळाने एक डोळा उघडला, बापाकडे पाहिलं आणि मिटला. मशीनवरचा आकडा जागचा हलला नाही.

तेव्हा 'हाताची सवय' वगैरे म्हणणाऱ्यांना माझं नम्र सांगणं आहे की उलटं घडतं. १९८६ साली एक अभ्यास झाला होता. काही आयांना सांगितलं, बाळ रडत नसतानाही त्याला रोज जास्त वेळ अंगावर घ्या. सहा आठवड्यांच्या वयाला ही बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. जपानी संशोधकांनी तर अलीकडे पार वेळापत्रकच दिलंय: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं चाला, झोपलं की लगेच खाली ठेवू नका, घेऊनच पाचआठ मिनिटं बसा, मग ठेवा. कारण पाठ गादीला टेकल्याने नव्हे, तर आपलं अंग सुटल्याने ते जागं होतं. घड्याळ लावून करून बघा. आमच्याकडे दर वेळी नाही, पण पुष्कळदा जमलं.

आणि हा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ली सॉल्क नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या सुमाराला नुकत्याच बाळंत झालेल्या आयांचं निरीक्षण केलं. उजखोऱ्या आयांपैकी ८३ टक्के बाळाला डाव्या बाजूला धरत. का, विचारल्यावर म्हणाल्या, "उजवा हात कामाला मोकळा राहतो." डावखोऱ्यांपैकी ७८ टक्के? त्याही डाव्याच बाजूला! त्यांचं कारण: "डाव्या हाताने पकड चांगली बसते." कारणं दोन्हीकडे चोख, बाजू एकच. डावीकडे हृदयाचे ठोके ऐकू येतात असं सॉल्कला वाटलं, इतरांनी मेंदूच्या रचनेतून वेगळी कारणं काढलीत. भांडण चालू आहे. बाळं मजेत आहेत.

एक मात्र सांगायला हवं. मी हे सगळं लिहितोय म्हणजे बाळ क्षणभर खाली ठेवणारी आई गुन्हेगार, असा अर्थ कुणी काढू नये. रात्री तीन वाजता, तास तास हिंडवूनही बाळ थांबत नसेल आणि तुमच्या डोक्यात काहीतरी तुटतंय असं वाटत असेल, तर त्याला पाळण्यात उताणं सुरक्षित ठेवा, खोलीबाहेर जा, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. पाचदहा मिनिटं रडून त्याला काही होत नाही. संतापाच्या भरात गदागदा हलवल्याने मात्र होतं, कायमचं होतं. आणि ज्या आयांना आजारपणामुळे सुरुवातीचे दिवस बाळाला घेताच आलं नाही, त्यांचं काही हुकलेलं नाही. बाप, आजी, मावशी, काका, कुणाचीही छाती चालते. ऊब ऊबच असते.

म्हणून माझं खरं म्हणणं आईला नाहीच, आपल्या सगळ्यांना आहे. तिला 'उचलू नकोस' सांगायला दहा जण असतात, 'दे इकडे, मी घेतो' म्हणणारा एखादाच. बाळ बघायला जाल तेव्हा सर्दीखोकला असेल तर जाऊच नका. गेलात तर आधी साबणाने हात धुवा, मग विचारा, "मी घेऊ का जरा? तू अंघोळ करून ये निवांत." ती हो म्हणाली तर मान नीट धरा, बसा, आणि कृपा करून दुसऱ्या हाताने मोबाईल काढू नका.