एव्हरेस्टवर समुद्राचं पाणी चढलं होतं का?

"एव्हरेस्टच्या माथ्यावर सागरी जीवाश्म सापडले, म्हणजे प्रलयाचं पाणी तिथवर पोचलं होतं," असा संदेश सध्या फिरतोय. जीवाश्म खरे आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा. पाणी वर चढलं नाही, समुद्राचा तळच वर आला. शिखराचा खडक म्हणजे ऑर्डोव्हिशियन काळातला, 44 कोटी वर्षांहून जुना चुनखडक. भूशास्त्रज्ञ या खडकाच्या थराला चोमोलुंग्मा फॉर्मेशन म्हणतात. त्यात ट्रायलोबाइट, क्रिनॉइड अशा समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांचे तुकडे आहेत. शिवाय माथ्याच्या जरा खाली सुमारे 60 मीटर जाडीचा थर आहे, उथळ पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी रचलेला. एवढी रचना प्रलयाच्या काही दिवसांत होईलच कशी? पुढे, साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूपट्ट आशियाला धडकला आणि हा तळ घड्या पडत, तुटत वर उचलला गेला.