वॉटरमार्क नाही म्हणून फोटोवरचा हक्क जात नाही

फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: वॉटरमार्क (फोटोवर छापलेलं नाव किंवा लोगो) नसलेल्या फोटोवर कायद्याने तुमचा हक्क राहत नाही. म्हणून प्रत्येक फोटोवर मधोमध लोगो छापा, तोही मूळ फाइलवरच, आणि कोरी प्रत ठेवूच नका. टाकण्याआधी फोटो ७२ डीपीआयचा (इंचामागे ७२ ठिपक्यांचा) करा. मग चोरी थांबते, एआय कंपन्या फोटोला हात लावत नाहीत आणि कामंही मिळतात. माझी पुतणी नुकतीच पैसे घेऊन फोटो काढायला लागलीय. हे वाचून ती मूळ फाइली पुसायला निघाली होती. एवढं नुकसान होऊ शकणारा मजकूर ‘उपयुक्त माहिती’ म्हणून फिरत असेल, तर त्याला उत्तर द्यायलाच हवं.

हक्काचा मुद्दा आधी, कारण तो सरळ खोटा आहे. कॉपीराइटचा बर्न करार १८८६ चा. १९०८ साली बर्लिनमध्ये त्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून तत्त्व असं की हक्क मिळवायला किंवा बजावायला कुठल्याही औपचारिकतेची अट नसावी. आज हे वाक्य कराराच्या पाचव्या कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे आणि १८० हून जास्त देश या करारात आहेत. शटर दाबलं, फोटो कार्डावर उतरला, हक्क तयार झाला. त्यासाठी गोलातला सी लागत नाही, नोंदणी लागत नाही, लोगो तर नाहीच. अमेरिकेत तिथल्या फोटोंसाठी कोर्टात जाण्याआधी नोंदणी करावी लागते, पण ती नोंदणी आहे. फोटोवर नाव छापण्याशी तिचा संबंध नाही. हक्क तुमचा की काम देणाऱ्याचा, हे नोकरी, करार आणि त्या त्या देशाचा कायदा यांवर ठरतं. काम देणाऱ्याच्या मालकीच्या फोटोवर तुम्ही आपला लोगो छापलात म्हणून तो तुमचा होत नाही, आणि याच्या उलटही नाही.

यात अर्धसत्य एकच आहे, तेही जुनं. अमेरिकेत १ मार्च १९८९ च्या आधी कॉपीराइटची सूचना न छापता काम प्रकाशित केलं तर हक्क गमवायची वेळ येऊ शकत होती. ती सूचना म्हणजे चिन्ह, वर्ष आणि मालकाचं नाव. फोटोच्या मधोमध लोगो कुणी तेव्हाही मागितला नव्हता. अमेरिका बर्न करारात आली आणि ती अट गेली. आज हे सांगत फिरण्याचा परिणाम उलटा होतो: फोटो उचलणाऱ्याला वाटतं की लोगो नाही म्हणजे फोटो फुकट, आणि ज्याचा फोटो गेला तो तक्रारच करत नाही.

आता ‘मूळ फाइलवरच छापा, कोरी प्रत ठेवू नका’. या मजकुरातला सगळ्यात घातक सल्ला हाच. फोटो तुमचा आहे हे सिद्ध करायची वेळ येते तेव्हा लोगो फारसा कामाला येत नाही. दुसऱ्याच्या फोटोवर आपला लोगो छापायला कुणालाही अर्धा मिनिट पुरतो. चोराकडे नसतं आणि तुमच्याकडे असतं असं काही दाखवावं लागतं. ते म्हणजे रॉ फाइल, कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल. त्याच क्षणाच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम. क्रॉप करण्याआधीची पूर्ण चौकट, ज्यात चोराच्या प्रतीत नसलेल्या कडा दिसतात. फाइलींचे सलग क्रमांक, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत एक्झिफमध्ये (कॅमेरा फाइलीत आपोआप लिहितो त्या माहितीत) उतरणारा बॉडीचा सीरियल नंबर. एक्झिफ बदलता येतं, त्यामुळे तेवढं एकटं पुरावा म्हणून लंगडं पडतं. पण सलग रॉ फाइलींचा अख्खा संच खोटा तयार करणं फार अवघड. हे पुसून लोगोवाली जेपेग ठेवायची, म्हणजे तुमच्याजवळ उरतं तेवढंच जे चोराजवळही आहे.

शिवाय लोगो पिक्सेलमध्ये एकदा मुरला की निघत नाही. उद्या ग्राहकाने मोठी प्रिंट मागितली, मासिकाने फोटो मागितला, स्टॉक एजन्सीकडे (फोटो वापरायचे परवाने विकणाऱ्या संस्थेकडे) द्यायचा ठरलं, तर कोरी प्रतच लागते. एजन्सी वॉटरमार्क असलेले फोटो घेत नाहीत, बहुतेक स्पर्धाही नाकारतात. फोनच्या कॅमेऱ्यातली वॉटरमार्कची सोय चालू ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: बऱ्याच फोनवर तो शिक्का फोटो साठवतानाच छापला जातो, आणि त्यावर अनेकदा तुमच्यापेक्षा फोन कंपनीचं नाव ठळक असतं. ती सोय बंद ठेवा. लोगो टाकायचाच तर एक्स्पोर्ट करतानाच्या प्रतीवर टाका, मूळ फाइलीला हात लावू नका.

मधोमध मोठा लोगो टाकला की चोरी होऊच शकत नाही म्हणे. उलट २०१७ साली गूगलच्याच संशोधकांनी असा लोगो आपोआप काढता येतो हे दाखवणारा एक शोधनिबंध मांडला. त्यांनी एकच वॉटरमार्क असलेले पुष्कळ स्टॉक फोटो एकत्र घेतले. फोटो प्रत्येक वेगळा, वॉटरमार्क मात्र सगळ्यांवर तोच. मग सगळ्या फोटोंत जे समान ते वेगळं काढता येतं, त्यावरून वॉटरमार्कचा आकार आणि पारदर्शकता कळते, आणि तो संगणकाकडून आपोआप वजा होतो. वॉटरमार्कची जागा बदलून फारसा फरक पडला नाही. दर फोटोत त्याचा आकार किंचित वाकडातिकडा केला, तेव्हा पुसल्यावर त्याचे व्रण मागे राहिले. आपण काय करतो? लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रीसेट (ठरवून ठेवलेली सेटिंग) बनवतो आणि तोच सगळ्या फोटोंवर मारतो. आणि आता तर एकट्या फोटोतला लोगोही फोनवरच्या एआय खोडरबराने जातो. कोपऱ्यातल्या लोगोला तेही लागत नाही, क्रॉप पुरतो. म्हणजे प्रामाणिक माणसाला फोटो नीट दिसत नाही आणि चोराचं फारसं अडत नाही.

तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. ओळख सांगणारी खूण मुद्दाम काढणं हा अनेक देशांत स्वतंत्र गुन्हा किंवा दाव्याचा विषय आहे. १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट कराराचं बारावं कलम त्यासाठीच आहे, आणि अमेरिकेत अशा दर उल्लंघनाला २,५०० ते २५,००० डॉलर इतकी भरपाई कायद्यातच लिहिली आहे. पण त्यासाठी नाव वाचता येण्यासारखं असलं की झालं, चेहऱ्यावरून आडवं जायला नको. फाइलीच्या मेटाडेटात (फोटोवर न दिसणाऱ्या, फाइलीत साठवलेल्या माहितीत) लिहिलेलं नावही यात मोडू शकतं. ग्राहकाला निवडीसाठी पाठवायच्या प्रूफवर मात्र मोठा वॉटरमार्क योग्य आहे. ती प्रत वापरायची नसतेच.

७२ डीपीआयबद्दल थोडक्यात: तो फाइलीत लिहिलेला नुसता आकडा आहे. ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा फोटो ७२ डीपीआय केला तरी २४ मेगापिक्सेलचाच राहतो आणि तसाच मोठा छापता येतो. छोटा करायचा तर पिक्सेल कमी करा. लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवली तर ३०० डीपीआयने छापल्यावर जेमतेम सव्वापाच इंच भरते.

लोगो ठेवायचा असेल तर नीट ठेवा. मागची बाजू पारदर्शक असलेली पीएनजी वापरा, जेपेग लोगो पांढऱ्या चौकोनासकट येतो. फोटो आधी लहान करा, लोगो मग टाका. ६००० पिक्सेलच्या फोटोवर ३०० पिक्सेलचा लोगो टाकून तो १०८० वर आणला तर लोगो ५४ पिक्सेलचा उरतो आणि अक्षरं चिखल होतात. भडक लाल टाळा. जेपेगमध्ये सहसा रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात, पांढरी आणि राखाडी टिकतात. ३:२ चा आडवा फोटो चौकोनी कापला की दोन्ही बाजूंचा एक षष्ठांश भाग जातो. लोगो अगदी कोपऱ्यात असेल तर त्याच्यासकट. तो तेवढा आत घ्या, आणि ओपॅसिटी (लोगो किती गडद दिसतो ते) ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

लोगोमुळे कामं मिळतात म्हणे. ओळखीच्यांत फिरणाऱ्या फोटोवर नाव असेल तर विचारणा येऊ शकते, एवढंच. त्यासाठी वाचता येणारं नाव हवं. वळणदार सही आणि तिच्याशेजारी कॅमेऱ्याचं चित्र यातून तुम्हाला कुणी शोधू शकत नाही.

आणि एआय. २०२३ साली गेटी इमेजेस या फोटो एजन्सीने स्टॅबिलिटी एआय या चित्रं बनवणारी मॉडेल तयार करणाऱ्या कंपनीविरुद्ध दावे लावले. त्यात एक मुद्दा हाच होता की स्टॅबिलिटीच्या मॉडेलने बनवलेल्या काही चित्रांत गेटीचा वॉटरमार्क वेडावाकडा उमटत होता. म्हणजे वॉटरमार्क असलेले फोटोच शिकवायला वापरले गेले होते. वॉटरमार्कने कुणाला अडवलं नाही.

मेटाडेटाचं काम मात्र आजच करून टाका. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेटअप मेनूत कॉपीराइटची माहिती भरायची जागा असते. तिथे नाव एकदा लिहिलं की दर फाइलीत उतरतं. घड्याळही बरोबर लावा. एक्स्पोर्ट करताना आयपीटीसीमधल्या (फोटोच्या मेटाडेटाच्या ठरलेल्या साच्यातल्या) निर्माता, कॉपीराइट सूचना आणि हक्कांच्या पानाचा दुवा या तीन जागा भरा आणि मेटाडेटा काढून टाकायचा पर्याय बंद आहे ना ते बघा. हक्कांच्या पानाचा दुवा असेल तर गूगलच्या चित्रशोधात फोटोवर ‘परवाना उपलब्ध’ अशी खूण येऊ शकते. ही सोय २०२० पासून आहे. मेसेजिंग अ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की मेटाडेटा बहुतेक वेळा गळतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर राहतो.

फोटो चोरीला गेलाच, तर आधी उलट चित्रशोधाने (शब्दांऐवजी फोटोच देऊन केलेल्या शोधाने) तो कुठे कुठे आहे ते शोधा आणि पानांचे दुवे आणि तारखेसह स्क्रीनशॉट साठवा. नंतर संकेतस्थळाकडे काढून टाकण्याची नोटीस द्या. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणे त्या नोटिशीत काम कोणतं, उल्लंघन कुठे आहे, तुमचा संपर्क, सद्भावनेने तक्रार करत असल्याचं निवेदन, माहिती अचूक असल्याचं आणि हक्कदारातर्फे बोलत असल्याचं निवेदन आणि सही, एवढंच लागतं. फोटोवर वॉटरमार्क होता का, हे त्यात विचारलेलं नाही.